‘विच’ म्हणजे शहाणी बाई नव्हे!

स्त्रीचळवळीच्या शिबिरांत, पोस्टर-प्रदर्शनांत, आपल्याच पुस्तिकांत एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की आता ती कुणी तपासूनही पाहत नाही. गोष्ट अशी : इंग्रजीतला ‘विच’ हा शब्द ‘वाइज’वरून, म्हणजे ‘शहाणी’वरून आला. विच म्हणजे झाडपाला जाणणारी, बाळंतपणं करणारी शहाणी बाई. ‘हॅग’ हा शब्द आज कुरूप, खाष्ट म्हातारीला लावतात, पण मुळात हॅग म्हणजे पवित्र स्त्री. मग पाद्री, राजे आणि डॉक्टर या पुरुषांनी मिळून हे शब्द बदनाम केले आणि युरोपात नव्वद लाख बायका जाळल्या.

मला या गोष्टीविरुद्ध लिहायचं आहे.

‘भाषा आणि बाई’ या विषयावर मी शिबिरांत सत्र घेते, त्यामुळे दर दोन-तीन शिबिरांमागे कुणीतरी ही गोष्ट सांगतंच. सांगणारीचा चेहरा उजळलेला असतो. तो का उजळतो हेही समजतं. जन्मभर शिव्या ऐकलेल्या बाईला कळतं की ती शिवी कधीकाळी पदवी होती! पण मैत्रिणींनो, ही गोष्ट खरी नाही. आणि मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की आपल्याला तिची गरजच नाही. रूप पालटणाऱ्या जीवांसाठी इंग्रजीत जे शब्द आहेत, त्यांचा खरा इतिहास पुरेसा बोलका आहे. फक्त तो गोड नाही. तो आपल्यालाही चार अडचणीचे प्रश्न विचारतो.

लांडगा होणारा ‘वीर’

‘वेअरवुल्फ’पासून सुरुवात करू. वेअरवुल्फ म्हणजे रात्री लांडगा होणारा माणूस. जुन्या इंग्रजीत ‘वेर’ म्हणजे पुरुष आणि ‘वुल्फ’ म्हणजे लांडगा. हा ‘वेर’ आपल्याला परका नाही. संस्कृतमधला ‘वीर’, लॅटिनमधला ‘विर’ आणि हा ‘वेर’ ही सख्खी भावंडं. ‘वुल्फ’ आणि ‘वृक’ हेही एकाच मुळाचे. भीमाला आपण ‘वृकोदर’ म्हणतो, त्यातला तो वृक. म्हणजे वेअरवुल्फ हा अक्षरशः ‘वीर-वृक’ झाला.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तीन शब्द शेजारी-शेजारी नांदत होते. ‘वेर’ म्हणजे पुरुष, ‘वीफ’ म्हणजे बाई, आणि ‘मान’ म्हणजे माणूस, मग तो बाप्या असो की बाई. हा ‘मान’ आपल्या ‘मनु’च्या कुळातला. ‘वीफमान’ म्हणजे थेट आपल्या मराठीतलं ‘बाईमाणूस’, आणि त्याचंच पुढे ‘वुमन’ झालं. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत ‘वेर’ हा शब्द वापरातून गेला. त्याची जागा कुणी घेतली? ‘मॅन’ने. जो शब्द सगळ्यांचा होता तो पुरुषाने घरी नेला, आणि तरीही तो सगळ्यांचा आहे असं सांगत राहिला. ‘वीफ’ची मात्र ‘वाइफ’ झाली. बाई होती, ती कुणाची तरी बायको उरली.

हे इथेच थांबवलं तर पुन्हा एक गोड गोष्ट तयार होईल, की पूर्वी भाषेत समता होती आणि मग ती नासली. तसंही नाही. ‘वर्ल्ड’ म्हणजे जग, या शब्दाच्या पोटातही तोच ‘वेर’ आहे. ‘वेर’ आणि ‘युग’ या अर्थाचा दुसरा शब्द जोडून तो झाला. म्हणजे ‘मॅन’ने जागा बळकावण्याच्या कितीतरी आधीपासून ‘पुरुषांचं युग’ म्हणजे ‘सगळ्यांचं जग’ असं धरलं जात होतं. सुवर्णयुग शोधायला मागे जावं, तर मागेही पुरुषच बसलेला सापडतो!

आणि ‘वेअरवुल्फ’ हा शब्द इंग्रजीत पहिल्यांदा लिहिलेला सापडतो तो कुठे? लोककथेत नव्हे, कायद्यात. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा कनूटचे कायदे लिहिले गेले. ते लिहिणारा यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन. त्यात तो बिशपांना बजावतो, की कळपावर लक्ष ठेवा, नाहीतर तो हावरा वेअरवुल्फ येईल. इथे वेअरवुल्फ म्हणजे सैतान, कळप म्हणजे भाविक आणि मेंढपाळ म्हणजे धर्मगुरू. गंमत अशी की या वुल्फस्टनच्या स्वतःच्या नावातच लांडगा आहे, आणि लॅटिनमध्ये तो स्वतःला ‘लुपुस’, म्हणजे लांडगाच, म्हणवून घेई. सत्तेच्या हातात पडलं की एकाच जनावराचं नाव स्वतःला भूषण आणि दुसऱ्याला कलंक होऊ शकतं.

पुरुष लांडगा होतो, मग बाई लांडगी झाली तर? तिच्यासाठी ‘वेअरवुल्फ’सारखा शब्दच झाला नाही. पण ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात ग्रेंडेल नावाच्या राक्षसाची आई आहे. मुलाला मारलं म्हणून ती सूड घ्यायला येते. तिला कवी ‘पाण्यातली लांडगी’ म्हणतो, शिवाय ‘अग्लेक-वीफ’ असंही म्हणतो. यातला ‘अग्लेका’ हा शब्द काव्यात ग्रेंडेलला लावला आहे, आणि सिगेमुंड व बेओवुल्फ या वीरांनाही. आता १९२२ साली निघालेल्या क्लेबर यांच्या प्रसिद्ध आवृत्तीचा शब्दार्थकोश पाहा. शब्द वीराला लावला असेल तिथे अर्थ दिला आहे योद्धा, वीर. ग्रेंडेलला लावला असेल तिथे राक्षस. आणि आईच्या बाबतीत? राक्षसी बाई. काव्याने जी दहशत दोन्ही बाजूंना वाटून दिली होती, तिची विभागणी कोशकाराने केली. पुढे काही अभ्यासकांनी यावर बोट ठेवलं, तेव्हा कुठे या शब्दाचे दुसरे अर्थ पुढे आले.

बाईला राक्षसी ठरवायला कट करणारी माणसं रात्री कुठे जमावी लागत नाहीत. एक शब्द, दोन अर्थ आणि एक सभ्य प्राध्यापक एवढं पुरतं. आपली ‘बदनामीचा कट’वाली गोष्ट हे सांगतच नाही.

शहाणपण कुणाच्या वाट्याला?

आता ‘विच’. जुन्या इंग्रजीत ‘विच्चा’ म्हणजे चेटूक करणारा पुरुष आणि ‘विच्चे’ म्हणजे चेटूक करणारी बाई. शब्दांची शेवटची अक्षरं झिजली, दोन्हींचं ‘विच’ झालं आणि पुढे कित्येक शतकं पुरुषालाही विच म्हणत. या शब्दाच्या मुळाबद्दल भाषाशास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. पण ‘वाइज’शी त्याचं नातं आज कुणी जाणकार मान्य करत नाही.

‘वाइज’ मग गेला कुठे? तो गेला ‘विझर्ड’मध्ये! ‘वाइज’ला ‘अर्ड’ हा प्रत्यय लागून तो शब्द झाला. पंधराव्या शतकात विझर्ड म्हणजे ज्ञानी, तत्त्ववेत्ता. प्रत्यय तसा थट्टेचाच, दारुड्याला ‘ड्रंकर्ड’ म्हणतात त्यातला. पुढे त्याचा अर्थ जादूगार झाला. ‘वाइज’ हा आपल्या ‘विद्या’ आणि ‘वेद’ यांच्या मुळातला शब्द. तेव्हा हिशेब असा लागतो : शहाणपणाचा शब्द जादू करणाऱ्या पुरुषाला मिळाला. ‘विच’ हा शब्द दोघांचा होता, तो हळूहळू बाईच्या माथी राहिला. आज संगणकातल्या मदतनीस प्रोग्रॅमला ‘विझर्ड’ म्हणतात. त्याला ‘विच’ म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही.

सांगा, ‘विच म्हणजे शहाणी’ यापेक्षा हे जास्त धारदार नाही का? शहाणपण बाईच्या शब्दातून काढून घेतलं, असं आपण सांगतो. खरं तर ते त्या शब्दात कधी घातलंच नव्हतं.

आणखी मागे जाऊ. नवव्या शतकाच्या अखेरीस राजा आल्फ्रेडने कायदे केले. चेटूक करणाऱ्यांविरुद्ध बायबलमध्ये जी आज्ञा आहे, ती त्याच्या कायद्यात अशी उतरली की ज्या बायका मांत्रिक, रूपं दाखवणारे गारुडी आणि ‘विच्चा’ यांना घरात थारा देतात, त्यांना जिवंत ठेवू नका. दार उघडणारी बाईच तिथे मरणाला पात्र ठरली!

‘हॅग’ची गोष्टही तशीच. ग्रीकमध्ये ‘हॅगिऑस’ म्हणजे पवित्र. उच्चार जुळला म्हणून कुणीतरी नातं जोडून दिलं. खरं म्हणजे ‘हॅग’ हा बहुधा ‘हॅग्टेस’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा तुकडा, जर्मनमधल्या ‘हेक्स’चा भाऊबंद. त्याचा पहिला भाग बहुतेक ‘कुंपण’ या अर्थाच्या शब्दाशी जुळतो. ‘हॅग्टेस’ पवित्र वगैरे नव्हती. लॅटिन पुस्तकांतल्या सूड घेणाऱ्या देवतांना मठातले लेखक हा प्रतिशब्द देत. अंगात अचानक कळ आली तर ती ‘हॅग्टेस’ने मारलेल्या बाणाची असेल, असा समज असे. एका अमेरिकन लेखिकेने, मेरी डेलीने, १९७८ साली ‘हॅग’ या शब्दाशी मुद्दाम खेळ केला आणि ती शिवी अभिमानाने मिरवली. तो खेळ होता, हे तिला ठाऊक होतं. त्या खेळाचा आपण इतिहास केला तर दोष तिचा नव्हे.

‘नाइटमेअर’मध्येही घोडी नाही. घोडी या अर्थाचा ‘मेअर’ वेगळा. नाइटमेअरमधली ‘मेअर’ म्हणजे झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याला गुदमरवणारी भुताळी. झोपेत छाती दडपते, हे शरीराचं दुखणं. तेही बाईच्या नावावर!

हे हत्यार कुणाचं?

कुणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? एखादी व्युत्पत्ती थोडी चुकली पण बायांना बळ मिळालं, तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते इथे. चेटकिणींच्या खटल्यांना शास्त्राचा आधार देणारं पुस्तक ‘मालेउस मालेफिकारुम’. ते हाइनरिश क्रामर या धर्मगुरूने १४८६-८७ च्या सुमारास लिहिलं. बायकाच चेटकाकडे जास्त का वळतात याची कारणं देताना तो लॅटिनमधल्या ‘फेमिना’ म्हणजे बाई, या शब्दाची फोड करतो. ‘फे’ म्हणजे श्रद्धा, ‘मिनुस’ म्हणजे कमी. बाई म्हणजे जिची श्रद्धा कमी ती! व्युत्पत्ती साफ खोटी. ‘फेमिना’चं मूळ अंगावर पाजण्याशी जोडलेलं आहे, आपल्या ‘धेनु’शी त्याचं नातं आहे. पण क्रामरला खऱ्याशी कर्तव्य नव्हतं. त्याला शब्दातून हवा तो निकाल काढायचा होता. इंग्लंडातले पुरुषही सोळाव्या शतकापासून ‘वुमन’ म्हणजे ‘पुरुषाचं दुःख’ अशी कोटी करत आले.

शब्द फोडून बाईचा स्वभाव सांगायचा, हे हत्यार त्यांचं आहे. ते आपल्या हातात शोभत नाही, आणि आपल्या हातात ते चालतही नाही. शिबिरात टाळ्या मिळतील. पण कॉलेजात, वर्तमानपत्रात, न्यायालयात समोरचा माणूस कोश उघडेल, आणि एका खोट्या शब्दापायी आपलं खरं म्हणणंही फेकून देईल. नव्वद लाखांचं तसंच. तो आकडा अठराव्या शतकातल्या एका जर्मन गृहस्थाच्या ढोबळ गुणाकारातून निघाला. १८९३ साली अमेरिकेतल्या मॅटिल्डा गेज यांनी तो आपल्या पुस्तकात घेतला आणि तिथून तो चळवळीत आला. खटल्यांची दप्तरं तपासून आजचे इतिहासकार चाळीस ते पन्नास हजार माणसं मारली गेली असं मानतात. त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश किंवा अधिक बायका. आइसलंडसारख्या ठिकाणी मात्र मारलेल्यांत बहुसंख्य पुरुष होते. आणि सुइणींना वेचून मारलं, याला दप्तरांत आधार मिळत नाही. चाळीस हजार माणसं आपल्याला कमी वाटतात का? मेलेल्या प्रत्येकीचा हिशेब खरा ठेवणं हेच तिचं ऋण.

तसंच जर्मनीतल्या बेडबुर्गचं. तिथे १५८९ साली पीटर स्टुंप नावाच्या माणसाला वेअरवुल्फ म्हणून हालहाल करून मारलं. त्याचा कबुलीजबाब छळाच्या धाकाने घेतलेला. लंडनमध्ये १५९० साली छापलेल्या पत्रकात त्याच्यावर एक आरोप असाही आहे, की त्याने स्वतःच्या मुलीशी शरीरसंबंध ठेवला. आणि शिक्षा? त्याच्याबरोबर ती मुलगीही जाळली. रूप पालटल्याचा आरोप बापावर. आरोप खरा मानला तर जिच्यावर अत्याचार झाला ती मुलगी, आणि तीही गुन्हेगार! ही घटना मी शिबिरात सांगते तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही. पण बाया बोलायला लागतात.

ब्रिजेट क्लीअरी

‘चेंजलिंग’ हा शब्द सोळाव्या शतकात दिसू लागतो. ‘चेंज’ म्हणजे अदलाबदल, हा मूळचा बाजारातला, वस्तुविनिमयाचा शब्द. त्याला लहानपण दाखवणारा ‘लिंग’ हा प्रत्यय लागला, बदकाच्या पिल्लाला ‘डकलिंग’ म्हणतात तसा. चेंजलिंग म्हणजे पऱ्यांनी खरं माणूस पळवून त्याच्या जागी ठेवलेलं, त्याच रूपाचं खोटं माणूस. वाटायला निरागस, बालकथेतला शब्द.

आयर्लंडमध्ये टिपररी परगण्यात बॅलिव्हॅडली नावाचं खेडं आहे. तिथे ब्रिजेट क्लीअरी राहायची. वय सव्वीसच्या आसपास. शिवणकाम शिकलेली. स्वतःचं शिलाई मशीन. कोंबड्या पाळून अंडी विकायची, स्वतःचा पैसा मिळवायची. मूल नव्हतं. नवरा मायकेल लाकडी पिंपं बनवायचा. मार्च १८९५ मध्ये ती आजारी पडली. डॉक्टर आला, पाद्रीही येऊन गेला. पण नवऱ्याने आणि नातेवाइकांनी ठरवलं की ही ब्रिजेट नव्हेच, पऱ्यांनी बदललेली कुणी आहे. ही आपल्या बायकोपेक्षा दोन इंच उंच आहे, जास्त नाजूक-देखणी आहे, असं नवरा म्हणाल्याचं साक्षीत आलं. १४ मार्चच्या रात्री तिला धरून ठेवून कडू पाला दुधात घालून पाजला, विस्तवाजवळ धरलं. पुन्हा पुन्हा एकच प्रश्न. देवाची शपथ घेऊन सांग, तू बोलंडची मुलगी, मायकेल क्लीअरीची बायको ब्रिजेटच ना? बाप तिथेच होता. १५ तारखेला नवऱ्याने तिला जाळलं. आठवड्याने उथळ खड्ड्यात तिचं प्रेत मिळालं.

प्रश्न नीट ऐका. तू कोण आहेस, याचं उत्तर तिने बापाच्या आणि नवऱ्याच्या नावाने द्यायचं होतं. तिने ते दिलंही. एकदा नव्हे, अनेकदा. पण ते खरं की खोटं हे ठरवणारे पुन्हा तेच दोघे.

न्यायालयात खून नव्हे, सदोष मनुष्यवध ठरला. नवऱ्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. पंधरा वर्षांनी, १९१० साली, तो सुटला. बाहेर इंग्रजी वर्तमानपत्रांनी दुसराच उद्योग केला. त्या घरात कुणी ब्रिजेटवर चेटकाचा आरोप केला नव्हता, तरी मथळे आले ‘विच’ जाळल्याचे. आणि अशा रानटी लोकांना स्वराज्य कसं द्यायचं, असा सूर निघाला. घरच्यांनी तिला परी केलं, पत्रकारांनी विच केलं. ब्रिजेट म्हणून तिला कुणी पाहिलं?

‘चेंजलिंग’ची कितीही गोड व्युत्पत्ती काढा, ती इथे कुणाचा हात धरणार होती? शब्दाचं मूळ पवित्र असतं म्हणून बाई वाचत नाही, आणि ते अपवित्र असतं म्हणून मरतही नाही. ‘ही कोण आहे’ हे ठरवायचा हक्क कुणाकडे आहे, यावर ती वाचते किंवा मरते.

म्हणून आपलं काम

हे मी परदेशातल्या शब्दांची गंमत म्हणून लिहिलेलं नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर बाईला ‘डाकीण’ ठरवून मारल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या तक्रारी आपल्याकडे येत आल्या आहेत. हल्ली तिथेही ‘विच म्हणजे शहाणी’च्या चालीवर सांगितलं जाऊ लागलं आहे, की डाकिनी ही मूळची तंत्रमार्गातली पूज्य देवता. शब्दाचं नातं खरं आहे. पण ज्या बाईच्या दारात जमाव उभा आहे तिला त्याचा उपयोग काय? देवता ठरवणंही बाईला माणूस न मानण्याचाच एक प्रकार आहे. आणि त्या बातम्या वाचून शहरातली माणसं ‘आदिवासी मागासलेलेच’ म्हणतात, तेव्हा १८९५ चे ते मथळे आठवावेत.

न्यूयॉर्कच्या काही स्त्रीवाद्यांनी १९६८ साली ‘विच’ हेच नाव घेऊन गट काढला, टोप्या घालून वॉल स्ट्रीटवर ‘चेटूक’ केलं. मला ते आवडतं. शिवी उलटवून अंगावर घेणं हा निषेध आहे, तो जरूर करावा. त्यासाठी ती कधी पदवी होती असं खोटं सांगावं लागत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आपल्या पुस्तिकांमधून नव्वद लाख आणि ‘विच म्हणजे वाइज’ ही दोन वाक्यं काढून टाका. त्यांच्या जागी विच्चा, विच्चे आणि विझर्डचा खरा हिशेब छापा, बेडबुर्गच्या मुलीची आणि ब्रिजेटची गोष्ट छापा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याची कलमं सोप्या मराठीत आणि पाड्यांवरच्या बोलींमध्ये शिबिरात वाचा. आणि एखादी बाई ‘मी ती नव्हे’ म्हणून सांगत असेल, तर तिच्या नवऱ्याला, बापाला, भगताला विचारण्याआधी तिचं स्वतःचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहून घ्या. तिचं नाव तिने सांगितलं आहे. ते पुरेसं आहे.